तोलमावशी आणि क्लोरीन

धाग्याचं बॉबिन तळहातावर घेतलं की तोलमावशी डोळे मिटून त्याचं वजन सांगायची, आणि मग ते काट्यावर ठेवून काट्याचीच परीक्षा घ्यायची. कोसाडच्या आमच्या वसाहतीत तिचं खरं नाव फक्त रेशन कार्डाला ठाऊक होतं. सुरतेच्या एका गोदामात आलेल्या खोक्यांतली बॉबिनं जोखणं, हेच तिचं काम. शाळा तिने पाहिली ती लांबूनच.

ढोबळ काही तिला खपायचं नाही. "सगळं मिळून एवढं" असं कुणी म्हटलं की तिच्या भुवया चढायच्या. "पहिले सांग, कोणतं किती शे?" हे विचारल्याशिवाय ती भाजीसुद्धा घ्यायची नाही. आमच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. आम्ही पोरी तिची नक्कल करायचो, आणि ती खुशाल करू द्यायची.

अकरावीत मी रसायनशास्त्रात नापास झाले. फेरपरीक्षेतही उडाले तर सायन्स सुटणार होतं. मागावरून दमून आलेले आप्पा, माझे वडील, एवढंच म्हणाले, "जमत नही ना? मंग ऱ्हाऊ दे, शिवणकाम शिक." मी वही घेऊन ओट्यावर रडत बसले, तेव्हा मावशी शेजारी येऊन टेकली. "काय व, काय अडनं?"

मी सांगितलं. क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे. नाव एक, गुण एक, वजन मात्र एकाचं पस्तीस, दुसऱ्याचं सदतीस. सरासरी मी छत्तीस काढली आणि बाईंनी फुली मारली.

"कोणता किती शे?"

चारांत साधारण तीन हलके, एक जड, असं पुस्तकात होतं. मी ते वाचून सोडून दिलं होतं. मावशीने जमिनीवर चार बोटं टेकली. "मंग तीन पस्तीस आणि एक सदतीस. चारीसनं वजन कर, चार वाटा पाड."

एकशे बेचाळीस भागिले चार. साडेपस्तीस! पुस्तकाच्या मागे हेच उत्तर होतं.

"पण मावशी, साडेपस्तीसचा अणू एकही नसतो."

"खोकावर सरासरी लिखतस. तसं बॉबिन मी शोधत नही."

मग ती उठली आणि थेट आप्पांसमोर उभी राहिली. "बाकीना विषयमा पास शे ना ती? एकच विषय हातमा धरीसन पोरले का जोखस?" आप्पा तिला कधी उलट बोलत नसत. शिवणकामाचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. फेरपरीक्षेत मी पास झाले.

मी कॉलेजात असताना मावशी बारडोलीला लेकीकडे कायमची राहायला निघाली. टेम्पोत सामान चढत होतं. मी पाया पडले, तर आशीर्वादाऐवजी प्रश्न.

"हाऊ अणू डोळाले दिसस का?"

"नाही."

"मंग जोखा कसा?"

इतकी वर्षं मी ते आकडे पाठ करत होते, आणि हे विचारायचं कधी सुचलं नव्हतं. लाज वाटली. त्या एका प्रश्नापायी मी एमएस्सीला गेले.

गेल्या महिन्यात अणूंचं वजन करणारं यंत्र पहिल्यांदा माझ्या हाती आलं. नमुना क्लोरीनचा होता. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक उंच, दुसरी तिच्या तिसऱ्या हिश्शाची. मी धावत बाहेर आले आणि बारडोलीला फोन लावला. क्लोरीन हा वायू, तो यंत्रात सोडायचा, त्याच्या अणूंना विजेचा भार द्यायचा, मग चुंबक हलक्या अणूंना जास्त वळवतो आणि जड अणूंना कमी, असं मी धापा टाकत सांगत सुटले. मावशी नुसती हूं हूं करत होती. मला वाटलं, तिला कंटाळा आला.

तेवढ्यात तिने फोन बाजूला धरला आणि लेकीला मोठ्याने सांगितलेलं मला ऐकू आलं, "ऐकं का? आपली पोर हवा जोखस!"