अमजदनं उघडलेलं झाकण

चाळीस वर्षं मी तोंडाला रंग लावून फडावर उभा राहिलो, पण सणसवाडीच्या कारखान्यातल्या अमजद फिटरनं त्या दिवशी जो प्रवेश घेतला, तसा मला एकदाही जमला नव्हता.

अमजद न्हावऱ्यात माझ्या शेजारी राहतो. तिथल्या मोटारीचे पत्रे दाबणाऱ्या एका मोठ्या प्रेस मशीनची देखभाल तो बावीस वर्षं करतोय. कारखान्याचे मालक थकले, मागं चालवणारं कुणी नाही, म्हणून त्यांनी कारखाना विकायला काढला. स्वीडनची एक कंपनी घ्यायला तयार होती, पण आमचा कारखाना किंवा व्हिएतनाममधला, दोन्हींपैकी एकच. आमचा नाही घेतला तर गेटला टाळं लागणार, हे कामगारांना ठाऊक होतं.

"एवढ्या लांबची माणसं देश कसा गं निवडतात?" मी कारखान्याच्या ऑफिसातल्या सायलीला विचारलं.

"आबा, सोयरीक जुळवताना बघतात तसंच. तिथला कायदा कसा, कर किती, बंदर, रस्ते, गिऱ्हाईक जवळ हाय का, आधी ओळखीचं कुणी तिथं नांदलंय का. कागदावर दोघं सारखेच उतरलेत. आता प्रत्यक्ष बघायला येतायत."

आणि इथंच घोळ झाला. मालकांनी कॅलेंडर न बघता तारीख देऊन टाकली, ती निघाली खंडेनवमी! त्या दिवशी मशीनला हार घालायचे, पूजा करायची, बटणाला हात लावायचा नाही. मला दरवर्षीसारखं गाण्याला बोलावलेलं. स्वीडनच्या कंपनीची पाहुणी बाई आत आली तेव्हा सगळ्या मशीन झेंडूत बुडून गप्प बसलेल्या.

मालकांचा चेहरा उतरला. "अमजद, पाच मिनिटं चालू कर."

"न्हाई साहेब. आज तिला सुट्टी हाय."

"अमजदभाई, तुमाला काय खंडेनवमीचं?" मागून विश्वजीत नावाचा एक तरणा कामगार म्हणाला.

"बावीस वर्सं हिला हार मीच घालतोय. तू घालतूस व्हय?"

सगळे हसले. पाहुणी मात्र सायलीकडे बघत काहीतरी विचारत होती.

"मग आम्ही बघायचं काय, असं म्हणतायत," सायली म्हणाली.

अमजदनं हार अलगद बाजूला सारला. पाने-हातोडे पूजेत मांडलेले, म्हणून झाकणाच्या खिट्या त्यानं बोटांनीच फिरवल्या आणि मागचं झाकण उघडलं. "त्यांना सांग, चालत्या मशीनचं पोट दिसत न्हाई. आज बंद हाय तवा हात घालून बघा म्हणावं."

बाईनं बाही सारली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. मी गाणं विसरून गेलो. हात बाहेर आला, बोटांवर नितळ तेल. गंज नाही, किटण नाही. तिनं दुसऱ्या मशीनकडे बोट दाखवलं. मग काय, जो तो आपापलं झाकण उघडून, "मॅडम, इकडं या," म्हणून हाका मारू लागला.

दिवाळीनंतर पत्र आलं. सायलीनं ते कॅन्टीनमध्ये टेबलावर चढून वाचलं. 'व्हिएतनाममध्ये आम्ही मशीन चालताना पाहिल्या, तुमच्याकडे आतून पाहिल्या. कारखाना घेत आहोत, सर्व कामगारांसह.' काय त्या शिट्ट्या! असा वन्समोअर मला जन्मात मिळाला नाही.

अमजद तेवढा गंभीर. "आपलं त्यांनी बघितलं. त्यांचं कुणी बघितलं? पोरगी देताना घर बघत्यात का न्हाई?"

सायलीनं हसत हसत तेही कंपनीला कळवलं. चैत्रात त्याला पंधरा दिवसांसाठी स्वीडनला बोलावणं आलं. तिथून त्यानं व्हिडिओ कॉल केला, डोक्यावर कानटोपी, कोपरापर्यंत तेल.

"आबा, माणसं चांगली हायत! पर वंगण लई हात राखून घालत्यात. दोन दिसांत लावतो वळण."