कराचीच्या हौदात

कराची बंदर पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी मालजहाजाच्या भटारखान्यात कांदे चिरत होतो. नागपूरच्या माणसाचा समुद्र अंबाझरी तलावाएवढा; तरी मी भंडारी (जहाजावरचा स्वयंपाकी) झालो होतो! धक्क्याला लागलो आणि पासष्टची लढाई पेटली. बंदुका घेऊन शिपाई चढले. आम्ही सारे खलाशी कैदी.

छावणीतली डाळ इतकी पातळ, की वाटीत पाहून दाढी करावी. भीती वाटली की मी थापा मारतो. तिथं रोजच मारत होतो. शेजारचा रत्नागिरीचा दगडू (हे नाव मी बदललं आहे) म्हणे, "गप रे मेल्या, दारात पहारेकरी उभा आहे."

गप बसेल तो नागपूरकर कसला! एका संध्याकाळी मी ठोकून दिलं, "कामठीच्या पलटणीतल्या तोफा म्या डागल्या गा! नेव्हीवाले मले सल्ला विचाराले येत."

पहारेकऱ्यानं ते वर पोचवलं. सकाळी माझ्या नावाचा पुकारा झाला. आधी एकाला असंच नेलं होतं. तो परत आला नव्हता.

"नेव्ही में किस ओहदे पर हो?" छावणीच्या साहेबानं विचारलं.

"मैं तो बावर्ची हूँ, साहब!" मी कांदा चिरायची नक्कलही करून दाखवली.

"नेव्हीवाला होगा तो तैरेगा."

आणि त्यांनी मला आवारातल्या हौदात ढकललं. हत्ती बुडेल एवढा हौद. मी पाट्यासारखा तळाला. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढे काळोख. मग कुणीतरी केस धरून वर ओढलं. पाणी भरायच्या रांगेतून धावत येऊन दगडूनं सूर मारला होता.

मी काठावर ओकत होतो. साहेब माझ्याकडे बघतही नव्हता. "क्या तैरता है!" म्हणत त्यानं दगडूला ओल्या कपड्यांनिशी नेलं.

दगडू मला थेट सुटकेच्या दिवशी ट्रकमध्ये दिसला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर अंग चोरून मागे सरकला. परतीच्या गाडीतही तो पाण्याच्या सुरईपासून लांब बसला.

इटारसीला मी नागपूरच्या गाडीसाठी उतरलो. खिडकीतून त्यानं माझं मनगट पकडलं. "गावात सांगशील ना, तेव्हा मला पोहता येत नाही असं सांग."

"काहून गा? आता कोण विचारते तुले?"

त्यानं मनगट सोडलं नाही. "सांग."

नागपुरात गांधीबागेत मित्र जमले की मी सांगतो, हौदातून मीच पोहून वर आलो, सोबतच्याला कुठं पोहता येत होतं! सगळे खदाखदा हसतात. एवढी एकच थाप मी न हसता मारतो.