राखीव बसवलेला स्विस

मस्कतमधल्या आमच्या फुटबॉल टीमचा मी कॅप्टन होतो. कारण एकच, गोलच्या जाळ्या आणि बॉल माझ्या गाडीच्या डिकीत असायचे. शुक्रवारी सुट्टी; सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपली, दुपारची झोप झाली की आम्ही वसईवाले वादी कबीरच्या मातीच्या मैदानावर जमायचो. कोण कुठे खेळणार ते मी ठरवायचो आणि मिडफिल्डची जागा मी अर्थातच स्वतःला दिली होती. पोट सुटलं, दम लागायला लागला, तरी ती काही मी सोडली नाही.

मी ज्या हॉटेलात एसीची कामं बघायचो तिथे एक स्विस माणूस राहायला आला. मस्कतच्याच अझैबा भागात मुलांना फुटबॉल शिकवायची नोकरी त्याला मिळाली होती. त्याच्या खोलीचा एसी साफ करता करता मी माझ्या कॅप्टनकीच्या भरपूर बढाया मारल्या आणि शुक्रवारी खेळायला ये म्हणालो. "मीही मिडफिल्डलाच खेळायचो," एवढंच तो बोलला. रात्री मोबाइलवर त्याचं नाव घातलं तेव्हा कळलं की या गृहस्थाने तिकडच्या मोठमोठ्या क्लबांत बारा वर्षं हाच धंदा केला होता. आता आमंत्रण मागे कसं घेणार?

तो आला, बूट चढवूनच. मी त्याला राखीव बसवलं. पाहुण्याला पहिल्याच दिवशी कशाला दगदग, असं टीमला सांगितलं. दुसऱ्या शुक्रवारी ऊन फार होतं. तिसऱ्या शुक्रवारी काहीच सुचेना, तेव्हा म्हणालो, "आधी आमची खेळायची पद्धत बघून घे."

आमच्या गोलकीपरनेही एव्हाना त्याचं नाव मोबाइलवर शोधलं होतं. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "काय रे, घरात शेफ आलाय नि तू त्याला कांदा पण कापू देत नाहीस!"

चौथ्या शुक्रवारी दूरच्या दुक्म बंदरातल्या प्रोजेक्टवरची टीम आली. सगळी तरणी पोरं. हाफटाइमपर्यंत आम्ही तीन गोल खाल्ले, त्यातले दोन माझ्या कृपेने. मी धापा टाकत खाली बसलो. स्विसाने पाण्याची बाटली पुढे केली. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तू खेळ कधी सोडलास?"

"मी नाही सोडला," तो म्हणाला. "कोचने एका मॅचला बाहेर बसवलं. मग पुढच्या मॅचला. दर वेळी वाटायचं, आज बोलावतील. सीझन संपला, मला कुणी काही सांगितलंच नाही."

तो हे सहज बोलला, माझ्यावर रोख ठेवून नव्हे. पण मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी जागा वाचवायला मी या माणसाला चार शुक्रवार पुन्हा तेच भोगायला लावलं होतं.

"यल्ला, चल, आत जा तू," म्हणत मी घामाने भिजलेली जर्सी काढून त्याच्या हातात दिली. भरल्या स्टेडियममध्ये खेळलेला माणूस, पण पहिल्यांदाच बोलावल्यासारखा तो घाईघाईने जर्सी चढवू लागला. गडबडीत त्याने ती उलटी घातली. एरवी मी त्याची भरपूर टर उडवली असती. त्या दिवशी मी ती सुलटी करून दिली आणि त्याच्या राखीव जागेवर जाऊन बसलो.