नानांची मोटर माझ्या फोनवर

आमच्या रविवारच्या बैठकीला नाव नव्हतं. जळगावात मेहरूण तलावाच्या कडेला एक चहाची टपरी आहे, तिच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही आठ-दहा जण बसायचो. सगळे आपापलं सॉफ्टवेअर करणारे. कोणी नोकरी सांभाळून, कोणी नोकरी सोडून, आणि एक-दोन जण नोकरी लागत नाही म्हणून, पण ते तसं सांगत नसत. केटरिंगवाल्यांसाठी ऑर्डरचं ॲप करणारी एक ताई होती. धुळ्याहून एसटीने येणारा एक जण कापड दुकानांसाठी बिलिंगचं काही तरी करायचा. मी विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद करायचं यंत्र आणि त्याचं ॲप केलं होतं.

बैठकीचा नियम एकच, पण कडक. सध्या काय करतोय ते जो करतोय त्याने दाखवायचं नाही. आपला फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा, समोरच्या खुर्चीवर बसायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. तो वापरतो, अडखळतो, नको तिथे बोट लावतो, तुम्ही फक्त बघायचं. मध्ये बोललात की सगळ्यांचा चहा तुमच्याकडे. नियम चांगलाच होता. आम्हा लोकांना समजावून सांगायची भारी हौस, आणि शेतकऱ्याच्या बांधावर समजावून सांगायला आम्ही थोडेच उभे असतो?

दुसरा नियम न बोलता झाला होता. खोटं दाखवायचं नाही. सुरुवातीला मी मोटरीच्या जागी बल्ब लावून आणला होता, तर सगळे इतके हसले की विचारू नका. "बल्बला पाणी कधी येईल रे?" धुळ्याचा म्हणाला. मी चिडलो. पुढच्या रविवारी आणतो खरी मोटर, म्हटलं. म्हणून त्या दिवशी माझ्या फोनवर आमच्या चोपड्याकडच्या शेतातली, केळीच्या बागेला पाणी देणारी, नानांची मोटर होती. नाना म्हणजे माझे वडील.

ऊन चढायला लागलं होतं. माझी पाळी आली. मी फोन धुळेवाल्याच्या हातात दिला आणि समोर बसलो. तो चष्मा वर सारून बघायला लागला. हा माणूस प्रत्येक गोष्ट वाचतो, अगदी कोपऱ्यातलं बारीक अक्षरसुद्धा. मला सांगायची सुरसुरी येत होती, पण बोललो नाही.

तेवढ्यात फोनवर कॉल आला. वाजला नाही, आवाज बंद होता, पण समोरून मला उलटं का होईना 'माय' दिसलं. धुळ्याच्याने अंगठ्याने तो कट केला. त्याचं काही चुकलं नाही. बघणाऱ्याचं लक्ष मोडायचं नाही हे आमचंच ठरलेलं. रविवारी सकाळी माय फोन करतेच, जेवायला काय केलंय ते विचारते. करू नंतर, म्हटलं मी मनात, आणि गप्प बसलो.

मग त्याने 'चालू' दाबलं. बटण हिरवं झालं, खाली 'मोटर चालू' असं आलं. ताईने टाळी वाजवली. "आयला, चोपड्याला पाणी सुरू झालं!" कोणी तरी म्हणालं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

फोन पुन्हा उजळला. माय. या वेळी मी उठून तो हिसकावलाच.

"अरे, फोन कसाले काटस?" माय म्हणाली. "नाना इहिरमा उतरेल शेतस, केबलना जोड बांधाले. तू मोटर बंद ठेवजो."

ज्यांनी विहिरीवरची मोटर बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची मोटर विहिरीच्या आत आहे आणि वरच्या पेटीपासून तिच्यापर्यंत केबल जाते. तिचा एक जोड अर्ध्या विहिरीत, ओल्या भिंतीला टेकून. टेप सुटली की ती कापून तारा उघड्या करायच्या, पिळायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. उघड्या हाताने. मोटर बंद आहे म्हणून.

मी बंद दाबलं. लाल झालं. 'मोटर बंद.' मी मायला ओरडलो, "पय! इहिरवर पय! नानांना हाक मार, बोलतात का बघ!" तिने का म्हणून विचारलं नाही, एवढं माझ्या आवाजात होतं. घरापासून विहीर दोन शेतं पलीकडे, आणि तिचे गुडघे कसे आहेत ते मला ठाऊक. फोन चालूच राहिला. तिचा श्वास ऐकू येत होता, चपला फटफटत होत्या, मग चपला थांबल्या, म्हणजे अनवाणी पळत असावी.

खुर्च्यांवरचे सगळे उभे राहिले होते. धुळ्याच्याला समजलं तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि एक शहाणा हळूच म्हणाला, "सर्व्हरवरचा लॉग बघू का? मोटर किती वेळ चालली ते नोंदलेलं असेल."

"लॉगमधून माणूस जिवंत आहे का कळतं का रे?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. बिचारा मदतच करत होता. पण कोणावर तरी ओरडल्याशिवाय मी उभा राहू शकलो नसतो. नानांचे हात डोळ्यांसमोरून हलत नव्हते, केळीच्या डागांनी काळे पडलेले, जाड बोटांचे. देवा, एवढं होऊ देऊ नको, बाकी काही मागत नाही, असं मी टपरीमागे उभा राहून मोठ्याने म्हणालो. मी देव मानत नाही असं सगळ्यांना सांगत असतो.

फोनमध्ये मायची हाक ऐकू आली. एकदा. परत एकदा. मग काहीच नाही. मग खडखड झाली आणि नानांचा आवाज आला.

"काय व्हयनं रे? मायले कसाले पयाडस?"

मी खाली बसलो, मातीतच. रडलो, लपवलं नाही. नाना गोंधळले. मोटर चुकून चालू झाली होती, असं मी कसंबसं सांगितलं.

"कशी चालू व्हई? लाईट नही शे," ते म्हणाले. शेतीची लाईट वेगळी असते, गावात असली तरी शेतात नसते. माझं ॲप मात्र हिरवं झालं होतं, कारण यंत्र बॅटरीवर चालायचं आणि त्याला हुकूम पोहोचला की हिरवं करायचं असं मीच ठरवलं होतं. लोकांना थांबायला आवडत नाही.

"लाईट नही, हाई तुम्हाले माहीत व्हतं ना?" मी विचारलं. तेवढं एक 'हो' मला हवं होतं.

"नही रे. आते वर उनू तवय दखं." म्हणजे आत्ता वर आल्यावर बघितलं.

"मंग फ्यूज काढेल व्हतात ना?" आमच्याकडे विहिरीत उतरणारा माणूस आधी पेटीतले तिन्ही फ्यूज काढतो आणि खिशात घालून खाली जातो. नानांच्या वडिलांपासूनची रीत.

"आते कसाले काढानात?" नाना हसले. "तुले फोन करा म्हणजे व्हयनं. तू शे ना."

मी यंत्र बसवलं तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. मी नानांना फ्यूज काढायला लावले, फोनवर थांबून, तिन्ही, हातात घेऊन एकेक मोजायला लावले. कुरकुरले, पण काढले. मग मी धुळेवाल्याच्या शेजारी बसलो आणि त्याच्या लॅपटॉपवरून माझ्या यंत्राचं 'चालू' बटण बंद करून टाकलं, एकजात सगळ्यांचं. जिथे जिथे यंत्र बसवलं होतं त्या प्रत्येक शेतातलं. मरो ते ॲप, म्हटलं.

फोन लगेच यायला लागले. पहिला पारोळ्याच्या एका शेतकऱ्याचा. चिडलेला. बटण दिसत नाही, पाणी द्यायचं खोळंबणार, हे काय लावलंय?

"दादा, विहिरीत कोणी नाही ना?" मी विचारलं.

"शे ना. धाकला भाऊ उतरेल शे, जोड बांधी राहना. तो वर उना की चालू करानी शे, म्हणीसन फोन हातमा धरी बठेल शे."

"फ्यूज काढलेत?"

"कसाले? तुम्हनं ॲप शे ना."

"दादा, तुमच्याकडे लाईट आहे का आता?"

"शे ना," तो म्हणाला. "आज सकायपासून फुल्ल शे."