भाऊंच्या जागी

मस्कतच्या आमच्या मंडळात अध्यक्ष दोनदा निवडला जायचा. एकदा देवळाच्या हॉलमध्ये, सगळ्या सभासदांसमोर. तिथे नुसते हात वर करायचे असत. खरी निवड त्याच्या आधीच्या एका शुक्रवारी, सुटीच्या सकाळी, भाऊंच्या वादी कबीर भागातल्या फ्लॅटमध्ये, पोह्यांच्या बशा हातात असताना होऊन गेलेली असायची. मंडळ ज्यांनी सुरू केलं ती जुनी घरं तिथे जमायची. एका घराचं एक मत. तिथे जे नाव ठरेल त्याच्या मागे बाहेर सगळ्यांनी उभं राहायचं, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कोणी कधी मोडलंही नव्हतं. नाव दरवर्षी भाऊंचंच ठरायचं. त्यामुळे मतं घ्यायची वेळ कधी आलीच नव्हती. पोहे खाऊन लोक घरी जायचे.

भाऊ एका ओमानी शेठच्या फ्रीज-एसीच्या धंद्यात हिशेब बघायचे. माझा नवरा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गाला नावाच्या औद्योगिक भागात, गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत लागला, तेव्हा राहायला जागा मिळेपर्यंत भाऊंच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपायचा. माझा व्हिसा आला आणि मी सीबच्या विमानतळावर उतरले, तर नवऱ्याच्या शेजारी भाऊ आणि वहिनी उभे. वहिनींनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "आता सांभाळ तुझा तू. इतके दिवस मी सांभाळलाय. भात जास्त खातो, सांगून ठेवते." पुढे आमचा मुलगा झाला तेव्हाही इस्पितळात माझ्याजवळ वहिनीच होत्या. माझ्या आईला यायला जमलं नव्हतं.

भाऊंचा कारभार सैल होता. कोणालाही नाही म्हणायचं नाही, हे त्यांचं धोरण. गणपतीत पेटी वाजवायला त्यांनी वसईच्या एका ख्रिस्ती गृहस्थांना बोलावलं. ते हॉटेलात नोकरीला होते, शुक्रवारी चर्चमध्ये गाण्याची साथ करायचे आणि संध्याकाळी आमच्या आरतीला यायचे. त्यांच्या ओळखीने वसईची आणखी बरीच घरं आली, भाऊंनी सगळ्यांना सभासद करून घेतलं. मुलांच्या नाटुकल्यात मुलं अर्धं इंग्रजी बोलायची. भाऊ म्हणायचे, "बोलू दे रे. स्टेजवर आली हेच खूप."

हे काही जणांना खुपायला लागलं होतं. त्यात पुढे असायचे ते काका. वयाने भाऊंपेक्षा मोठे, बांधकामाच्या कंपनीत बड्या हुद्द्यावर. सोवळंओवळं, उच्चार, आरतीचा क्रम, सगळ्यांत काटेकोर. "मंडळ मराठी आहे की पिकनिक क्लब?" असं ते चारचौघांत विचारायचे. आम्ही हसण्यावारी न्यायचो.

माझ्या नवऱ्याने ते मनावर घेतलं, त्याचं कारण काका नव्हते. त्याची आई होती. शुक्रवारी आम्ही पुण्याला फोन लावायचो. एकदा सासूबाईंनी नातवाला विचारलं, "काय रे राजा, जेवलास का? काय केलं होतं आईने?" मुलगा आठ-नऊ वर्षांचा. त्याने "फाइन, आजी" म्हटलं आणि रिसीव्हर बापाच्या हातात दिला. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "कंटाळला असेल. मला काही त्याचं कळत नाही, त्यालाही माझं कळत नाही. असू दे." त्या अगदी सहज बोलल्या. फोन ठेवल्यावर नवरा मला म्हणाला, "माझी आई माझ्या मुलाशी बोलू शकत नाही. आपण काय करून बसलोय गं?"

त्यानंतरच्या आठवड्यात काका घरी आले. चहा झाला, आणि त्यांनी सरळच विचारलं, "यंदा तू उभा राहशील का? आमची घरं तुझ्या पाठीशी आहेत."

मला वाटलं हा हसेल. तो म्हणाला, "राहीन."

काका गेल्यावर मी कपबशा तशाच ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "भाऊंच्या विरोधात?"

"विरोधात नाही गं. भाऊंच्या जागी."

"त्यांना काय फरक पडणार आहे, विरोधात आणि जागी यात?"

त्याने गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "चल, त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

आम्ही गेलो तेव्हा भाऊ गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. नवऱ्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. भाऊंनी हातातला तांब्या खाली ठेवला, हात पुसले. "मुलांच्या मराठीसाठी म्हणतोस?"

"हो."

"मग बरोबर आहे तुझं. माझ्याकडून ते झालं नाही." तांब्या पुन्हा उचलत म्हणाले, "मीही उभा राहणार, हां. बरीच माणसं माझ्या भरवशावर आत आलीत. त्यांना असं सोडता येणार नाही. जेवून जा आता."

आम्ही जेवलो. वहिनींनी सगळं व्यवस्थित वाढलं, पण नवऱ्याच्या ताटात पुन्हा भात वाढायला आल्या नाहीत. तो मागायलाही धजावला नाही.

तो शुक्रवार उजाडला. मंडळात पहिल्यांदाच मतं घ्यायची होती आणि ती कशी घ्यायची हेच कोणाला माहीत नव्हतं. शेवटी ठरलं, की उभे असलेले दोघं बाहेर गॅलरीत जातील आणि आत घरं हात वर करतील. आदल्या दिवशीच नवरा मला म्हणाला होता, "आपल्या घराचं मत तूच दे. मी स्वतःलाच देणार, हे बरं दिसत नाही."

"मी कोणाला देईन ते माहीत आहे तुला?"

"म्हणूनच तर बाहेर जातोय," तो म्हणाला. हसला नाही, रागावलाही नाही.

ते दोघं गॅलरीत गेले. काकांनी सरकती काच ओढून घेतली. आधी भाऊंचं नाव पुकारलं. वहिनींनी हात वर केला, त्यांच्या घराचा. मी हात वर केला. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. वहिनींनीही पाहिलं. मला वाटलं, त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटेल. त्या नुसत्याच बघत राहिल्या. आणखी काही हात वर होते, पण नवऱ्याच्या नावाला त्याहून जास्त झाले. खलास. काच उघडली तर ते दोघं कठड्याला टेकून भाऊंच्या गाडीच्या एसीबद्दल बोलत होते. गॅस भरावा की कॉम्प्रेसरच बदलावा, असं काहीतरी. भाऊंनी आत सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि त्यांना समजलं. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "गुरुवारी ये माझ्याकडे. हॉलच्या परवानगीचं सगळं समजावून देतो. फार खेटे घालावे लागतात."

घरी जाताना गाडीत नवऱ्याने विचारलं, "भाऊंना दिलंस ना?"

"हो."

कुरमच्या चौकात गाडी वळवताना तो म्हणाला, "माझा तुझ्यावर राग नाही. पण थोडं लागलं, एवढं सांगतो." मी त्याच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला. त्याने तो राहू दिला.

सभेच्या दिवशी खरा पेच आला. हॉलबाहेर वसईची बरीच मंडळी भाऊंना घेरून उभी होती. त्यात काही आमच्यातलीही होती. पेटीवाले गृहस्थ कळकळीने म्हणत होते, "भाऊ, तुम्ही फक्त उभे राहा. सभेत आम्ही जास्त आहोत. काका लोक आले तर आम्हाला कोण विचारणार?" आणि ते खोटं नव्हतं. भाऊ उभे राहिले असते तर त्या दिवशी सहज निवडून आले असते. माझा नवरा जरा लांब, खांबाशी उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

भाऊ म्हणाले, "माझ्या घरात बसून ठरलंय ते. माझ्या बाजूने झालं असतं तर मी ते धरूनच बसलो असतो ना? मग आता कसं सोडू?" आणि पेटीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून, "तो पोरगा माझ्या हॉलमध्ये झोपलाय. मी ओळखतो त्याला. तुम्ही पेटी घेऊन या."

सभेत अध्यक्षपदासाठी माझ्या नवऱ्याचं नाव सुचवलं ते भाऊंनी. उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मी मागच्या रांगेत होते. पदर डोळ्यांना लावायची माझी सवय नाही, पण त्या दिवशी लावला.

नवऱ्याने मुलांच्या नाटुकल्याच्या तालमीत इंग्रजी बंद केलं. पहिल्या आठवड्यात मुलं गप्पच झाली. काही यायचीच थांबली. तेव्हा भाऊ येऊन बसायला लागले. मागच्या बाकावर एकेका मुलाला घेऊन ते वाक्यं घोटून घ्यायचे, चुकलं की स्वतःही मुद्दाम चुकायचे. आमचा मुलगा त्यांच्याकडेच शिकला. पुण्याच्या फोनवर तो अडखळत का होईना, दोन-चार वाक्यं बोलू लागला. सासूबाई त्याला मध्येच थांबवून आमटीला फोडणी कशाची, असले प्रश्न विचारायच्या. तो स्वयंपाकघरात येऊन मला विचारून जायचा.

गणपतीच्या आधी काकांनी पेटीचा विषय काढला. आरतीला आपल्यातलाच कोणीतरी बसू दे, म्हणाले. नवरा म्हणाला, "काका, मराठी मुलांना यायला हवी म्हणून मी उभा राहिलो. कोणाला उठवायला नाही. पेटी तेच वाजवतील." काका त्या वर्षी आरतीला आले नाहीत. नवऱ्याला त्याचंही वाईट वाटलं. तो त्यांच्या घरी प्रसाद घेऊन गेला. काकांनी तो डोक्याला लावून घेतला, पण बोलले मोजकंच.

वहिनी माझ्याशी बोलायच्या, पण आधीसारख्या नाही. मला कोडंच पडलं होतं. मी तर त्यांच्याच बाजूने हात वर केला होता.

थंडीत भाऊ-वहिनी, आम्ही दोघं आणि मुलगा असे रुस्ताक गावी सहलीला गेलो. तिथल्या गरम झऱ्याच्या पाटात पाय सोडून मी आणि वहिनी बसलो होतो. पुरुष मुलाला किल्ला दाखवायला गेले होते. मी धीर करून विचारलं, "वहिनी, माझं काही चुकलं का?"

त्यांनी पाण्यातले पाय हलवले. "तू भाऊंना मत दिलंस."

"हो, मग?"

"अगं, भाऊंना मी होते. त्याला कोण होतं?"

मी म्हटलं, "मला भाऊच योग्य वाटत होते. आजही वाटतात."

"वाटणारच. मलाही वाटतात," वहिनी म्हणाल्या. "पण तो गॅलरीत काचेआडून आत बघत होता. भाऊंशी बोलत होता एसीबद्दल, आणि डोळे तुझ्या हाताकडे. मला तेवढंच दिसलं. माझ्या घरात राहिलेलं पोर गं ते."

हात वर करताना मी गॅलरीकडे पाहिलंच नव्हतं. वहिनींनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि पिशवीतून संत्रं काढून सोलायला घेतलं. अर्धं मला दिलं.

थोड्या वेळाने तिघं परत आले. मुलगा दमला होता, भाऊंच्या खांद्यावर होता. वहिनींनी डबे उघडले. नवऱ्याच्या ताटलीत त्यांनी दहीभात वाढला, आणि तो पुरे म्हणत असतानाच आणखी एक डाव वाढला.