ठमाबाईच्या हाताचा गुण

पाकटाचा काटा लागला की धडधाकट माणूसही रडतो, हे आमच्या दिघीजवळच्या कोळीवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. जाळं सोडवताना या माशाच्या शेपटीचा काटा पायात घुसला की लोक आधी माझ्या शेजारणीच्या, ठमाबाईच्या दारात जातात, मग दवाखान्यात. ती वाळूवरच्या मर्यादवेलीची पानं तव्यावर गरम करून बांधायची आणि औषधासोबत शिव्याही भरपूर द्यायची.

गेल्या वर्षी तिची बोटं बधिर झाली. पान किती तापलंय ते कळेना, आणि काटा लागून आलेल्या भावेश नावाच्या पोराच्या पायाला तिने फोड आणला. तो बिचारा तसाच लंगडत घरी गेला. तिला मात्र ते फार लागलं. औषध सुनेला द्यायचं तिने ठरवलं.

यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे औषध शिकवलं की देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. त्याने पुन्हा पानाला हात लावायचा नाही, शिकणाऱ्याला औषध करताना काही सांगायचंही नाही. मला हे मुळीच पटत नाही. मी तोंडावर म्हटलं, "शिकव आनि तूपन कर. कोन बघतंय?"

"मी बघते न्हवं," ती म्हणाली.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावर तिने सुनेला, नेत्राला औषध शिकवलं आणि तिच्या ओंजळीत पानं ठेवली.

आणि नशीब बघा, मासेमारी सुरू झाल्यावर पहिला काटा लागला तो ठमाबाईच्याच नवऱ्याला. अंबाजीला ओसरीवर आणलं तेव्हा तो गुरासारखा ओरडत होता. सवयीने त्याने पाय तिच्यापुढे केला.

"ठमे, बांध लवकर!"

"मी न्हाय. नेत्रा बांधंल."

नेत्राने तवा चुलीवर ठेवला. "आये, एवढं तापलेलं बरं हाय का?"

ठमाबाईने ओठ घट्ट मिटले. पोरगी रडवेली झाली. हा नियम ज्याने केला त्याला धरून बडवावं, इतका मला संताप आला. शेवटी नेत्राने पान स्वतःच्या मनगटाला आतून टेकवून पाहिलं, चटका बसला तशी जरा थांबली, आणि मग सासऱ्याच्या पायावर बांधलं. ठमाबाईने असं कधी केलं नव्हतं.

हळूहळू अंबाजीचं कण्हणं थांबलं. "पोरीच्या हाताला गुण हाय," तो म्हणाला.

ठमाबाई उठून मागच्या दारी गेली. मी तिच्यामागे गेले.

"माझ्यापरास बरं बांधलं गो तिनं," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली. तिला आनंद झाला होता आणि तिचं काळीजही फाटलं होतं. दोन्ही खरं होतं. मी तिच्याजवळ पायरीवर बसून राहिले.