यमदूत आणि अडकलेले त्रेचाळीस नकाशे

आमच्या नकाशांच्या कचेरीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या गृहस्थांना आम्ही यमदूत म्हणतो. एखादा प्रोग्रॅम अडकला की त्यांना हाक मारायची. ते येणार, चष्मा कपाळावर ढकलणार, दोन शब्द टाइप करणार, प्रोग्रॅम खलास. एरवी माणूस इतका मऊ की झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडतो.

कचेरी नव्या इमारतीत हलणार होती. जाणाऱ्या सामानावर लाल चिठ्ठ्या लावायचं काम त्यांच्याकडे. नेमकी सामान निघायच्या दिवशीच चार वाजता त्यांच्या मुलीच्या लग्नाची नोंदणी होती आणि साक्षीदार म्हणून सही यांचीच. हातात चिठ्ठ्या, डोक्यात लग्न! आमच्या सगळ्यांच्या फायली ज्या सर्व्हरवर राहतात तो रविवारी जायचा होता. त्यालाही यांनी चिठ्ठी चिकटवली. दुपारी तीनला हमालांनी तो ट्रकमध्ये चढवला.

वर आम्हा त्रेचाळीस जणांचे नकाशे जागच्या जागी थिजले. यमदूतांनी नेहमीचे दोन शब्द टाइप केले. ढिम्म. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात; हे तर मेलेलंही नव्हतं.

"अहो, मारा की त्याला!" साहेब ओरडले.

"मरत नाही साहेब. त्या प्रोग्रॅमने सर्व्हरकडे काहीतरी मागितलंय. ते मिळेपर्यंत तो कुणाचंच ऐकणार नाही."

"मग मशीनच बंद करा."

"तेही त्याच्यासाठी थांबून राहील. वायर उपटली तर मात्र सकाळपासूनचं सगळ्यांचं काम जाईल."

"तुम्ही निघा हो," मी म्हणालो. "चार वाजत आले."

"चिठ्ठी मी लावली," ते म्हणाले आणि त्यांनी ट्रकवाल्याला फोन लावला.

ट्रक पावणेपाचला परतला. सर्व्हरपुढे सहा कपाटं रचलेली. शेवटी पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायरी सोडून तो ट्रकमध्येच चालू केला. काही झालंच नसल्यासारखे त्रेचाळीसही नकाशे पुढे सरकले. आमच्यातल्या एकानेही आभार मानले नाहीत. मीही नाही, याची अजून लाज वाटते.

मी त्यांना स्कूटरवर घालून नोंदणी कचेरीत नेलं. साडेपाच झाले होते. टेबलासमोरच्या खुर्चीत त्यांची मुलगी बसलेली, शेजारी नवरदेव घामाघूम, मागे पाच जोडपी खोळंबलेली.

"दीड तास उठवतोय हिला," कारकून कावला होता. "शिपाई झाला, साहेब झाले. हलत नाही!"

"बाबा येणार म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली.

यमदूतांनी सही केली. चष्मा काढून डोळे पुसले.

"तुमचं काही चुकलं नाही हो," ते कारकुनाला म्हणाले. "तिने मला मागितलं होतं."